वाचक विचारतात : छोट्या बाथरूमच्या छतात स्पीकर बसवताना

बाथरूमच्या फॉल्स सीलिंगचं काम निघालंच आहे, तर त्यातच स्पीकर बसवून घ्यावा का आणि कसा, याभोवतीचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमचं बाथरूम आतून २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. फॉल्स सीलिंग २.४ मीटर उंचीवर येईल. ८ इंची, १२० वॅटच्या स्पीकरची जोडी घ्या, असा सल्ला मिळाला आहे. एवढ्याशा जागेला ती योग्य होईल का?

नाही. या खोलीला ४ किंवा सव्वापाच इंची एकच स्पीकर पुरतो. साडेसहा इंच ही वरची मर्यादा समजा.

वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. १२० वॅट म्हणजे तो स्पीकर किती ताकद सोसू शकतो एवढंच. तो किती मोठ्याने वाजेल हे ‘सेन्सिटिव्हिटी’च्या आकड्यावरून कळतं. माहितीपत्रकात ‘८७ डेसिबल, १ वॅट, १ मीटर’ असं असेल, तर एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. उभ्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतात, म्हणजे तुमच्या छतापासून जेमतेम ९० सेंटिमीटरवर. पाच वॅटमध्येच तिथे सुमारे ९५ डेसिबल मिळतात. एवढ्या आवाजात शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. शिवाय टाइल्स, आरसा आणि काच आवाज जवळजवळ शोषतच नाहीत, तो परत फिरून कानावर येतो. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणून १५-२० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि चांगल्या सेन्सिटिव्हिटीचा छोटा स्पीकर ही जोडी १२० वॅटच्या आकड्यापेक्षा कितीतरी समंजस आहे.

मोठा वूफर, म्हणजे स्पीकरमधला खालचे सूर वाजवणारा भाग, टाळण्याचं दुसरं कारण म्हणजे घुमारा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्येचा आवाज अडकून फुगतो. २ मीटर अंतराला ती सुमारे ८६ हर्ट्झ येते, दीड मीटरला सुमारे ११४. पुरुषी आवाजाचा खालचा पट्टा नेमका इथे आहे. त्यामुळे ८ इंची वूफर लावला की बातम्या आणि गप्पांचे कार्यक्रम मडक्यातून बोलल्यासारखे ऐकू येतात. स्पीकर कोपऱ्यात बसवला तर सगळे घुमारे एकदम जागे होतात, छताच्या मध्यावर बसवला तर लांबी-रुंदीचे हे पहिले दोन घुमारे फारसे उठत नाहीत. मध्यावर दिवा असेल तर जमेल तितकं मध्याजवळ सरका, पण भिंतीपासून किमान ४० सेंटिमीटर अंतर ठेवा. तरीही आवाज जड वाटला तर फोनवरून बेस ३-४ डेसिबलने उतरवा.

जोडीचा इथे उपयोग नाही. दोन स्पीकर एकमेकांपासून मीटरभर अंतरावर येतील आणि अर्धं पाऊल सरकलं की जवळचा एकच ऐकू येईल.

प्रश्न : एकच स्पीकर लावायचा तर गाण्याची डावी-उजवी बाजू कशी मिळणार? अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही बाजूंच्या वायरी एकत्र करून एका स्पीकरला दिल्या तर चालेल का?

हे कधीही करू नका. दोन आउटपुट एकमेकांना जोडले की एक बाजू दुसरीत वीज ढकलते आणि अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. आजच्या बऱ्याच छोट्या डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर डाव्या-उजव्या बाजूंची वजा टोकंही आपापसात जोडायची नसतात, कारण त्या टोकांवरही सिग्नल असतो.

योग्य मार्ग दोन आहेत. पहिला, ‘सिंगल स्टिरिओ’ म्हणून मिळणारा स्पीकर. त्यात एकाच वूफरवर दोन वेगळ्या कॉइल असतात, दोन ट्वीटर (वरचे सूर वाजवणारे छोटे भाग) असतात आणि मागे वायर जोडायची चार टर्मिनल असतात. याला चार तारांची केबल लागते. ती सीलिंग बंद होण्याआधीच टाकून घ्या, नंतर ओढता येत नाही. दुसरा मार्ग साध्या स्पीकरचा. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा आणि अ‍ॅम्प्लिफायरची फक्त डावी बाजू वापरा. दोन्ही बाजूंचं संगीत एकत्र होऊन तिथून येतं. मात्र हे सेटिंग फोनभर लागू होतं, हेडफोनवर गाणी ऐकताना ते बंद करायची आठवण ठेवावी लागते. घरात दोन-तीन जण आपापल्या फोनवरून वाजवणार असतील तर सिंगल स्टिरिओच घ्या.

दोन्ही प्रकारांत स्पीकरचे ओहम (विजेला होणारा अडथळा) अ‍ॅम्प्लिफायरला सोसतील इतके हवेत. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘४ ते ८ ओहम’ लिहिलेलं असेल तर ८ ओहमचा एक स्पीकर बिनधास्त चालतो. ८ ओहमचे दोन एकाच बाजूला समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. तिथे अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतो.

प्रश्न : एका स्पीकरवर ‘आयपी ४४’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘आयपी ६५’, तिसऱ्यावर नुसतं ‘मॉइश्चर रेझिस्टंट’. बाथरूमसाठी कोणता? ‘आयपी ६५’ घेतला की काळजी मिटली ना?

‘मॉइश्चर रेझिस्टंट’ हे वर्णन झालं, त्यामागे ठरलेली चाचणी असेलच असं नाही. आयपी आकड्यांमागे आयईसी ६०५२९ हे आंतरराष्ट्रीय मानक असतं. पहिला आकडा धूळ आणि घन वस्तूंचा, दुसरा पाण्याचा. दुसऱ्या जागी ४ म्हणजे कुठल्याही दिशेने उडालेल्या पाण्यापासून बचाव, ५ म्हणजे पाण्याची धार सोसणं. एखाद्या जागी आकड्याऐवजी ‘एक्स’ असेल तर त्या गुणाचा दर्जा दिलेलाच नाही, एवढाच अर्थ. बाथरूमच्या छताला आयपी ४४ सहसा पुरतं. शॉवरच्या जवळ किंवा छत बुटकं असेल तर ६५ घ्या.

पण काळजी मिटत नाही, आणि याच मुद्द्यावर सर्वांत जास्त स्पीकर वाया जातात. छतात बसणाऱ्या पुष्कळ स्पीकरचा आयपी दर्जा तो छतात पक्का बसवल्यानंतर, समोरच्या बाजूपुरताच लागू असतो. मागची बाजू उघडी: चुंबक, टर्मिनल, वूफर-ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारी क्रॉसओव्हरची छोटी पट्टी, सगळं फॉल्स सीलिंगच्या पोकळीत. समोरून शिंतोडे क्वचित येतात. वाफ रोज येते, ती वर जाते आणि स्पीकरच्या कडेच्या फटीतून, दिव्याच्या भोकातून, एक्झॉस्टच्या कडेने पोकळीत शिरते. वरचा स्लॅब गार असतो. त्याला लागून वाफेचं पाणी होतं आणि ते थेंब स्पीकरच्या पाठीवर पडतात. वर्ष-दोन वर्षांत टर्मिनल हिरवी पडतात, आधी ट्वीटर जातो किंवा आवाज अधूनमधून तुटायला लागतो. खालून जाळी मात्र नव्यासारखी दिसते.

म्हणून विकत घेताना डबा बाजूला ठेवा आणि स्पीकर उलटा करून पाहा. कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकू, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा हवा, कागदाचा कोन ओल धरून सैल पडतो. कोनाच्या कडेची वळी रबराची हवी, स्पंजाची काही वर्षांत भुगा होते. जाळी अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. साध्या लोखंडी जाळीवरच्या पावडर कोटिंगला भोकांच्या कडांशी आधी तडा जातो आणि तिथूनच गंज सुरू होतो. कडेखाली फोमची अखंड गॅस्केट आहे का पाहा. नसेल तर ३ मिलिमीटर जाडीची बंद छिद्रांची फोम पट्टी वेगळी आणून लावा.

यानंतर मागची पेटी, म्हणजे बॅक बॉक्स. बाथरूमसाठी ती ऐच्छिक मानू नका. ती वाफेला अडवते, वरून ठिबकणारं पाणी आणि धूळ थांबवते आणि वरच्या मजल्यावर जाणारा आवाजही कमी करते. कंपनीने किती लिटरची पेटी सुचवली आहे ते माहितीपत्रकात असतं. त्याहून लहान पेटीत कोंडलेली हवा ताठ स्प्रिंगसारखी वागते, कोनला मोकळेपणी हलू देत नाही, आणि आवाज पातळ होतो. पैसे मोजकेच असतील तर स्पीकर एक पायरी साधा घ्या, पण पेटी आणि गॅस्केट सोडू नका. आणि आंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन १५-२० मिनिटं चालू ठेवा, स्पीकरचं आयुष्य त्याने सर्वांत जास्त वाढतं.

प्रश्न : शॉवरच्या बरोबर वर लावला तर पाण्याच्या आवाजातही नीट ऐकू येईल, असं वाटतं.

तिथे वाफ सर्वांत दाट असते आणि डोक्यावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज कानाशीच असतो, त्यामुळे फायदा थोडा आणि तोटा मोठा. आयईसी ६०३६४ या मानकाच्या बाथरूमविषयक भागात टब किंवा शॉवर ट्रेच्या वरची जागा जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत ‘झोन १’ धरली आहे. टब-ट्रे नसलेल्या बाथरूममध्ये पाणी येणाऱ्या पक्क्या तोटीपासून आडव्या अंतराने १.२ मीटरपर्यंतचा भाग त्यात येतो. या भागात किमान आयपीएक्स ४ लागतं. तुमचं छत २.२५ मीटरपेक्षा खाली असेल तर ही अट थेट लागू होते. आपापल्या देशाचे वीज नियम याहून कडक असू शकतात, ते वायरिंग करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला विचारा.

स्पीकर शॉवर आणि बेसिन यांच्या मध्ये, एक्झॉस्टपासून जमेल तितका दूर ठेवा. एक्झॉस्टला लागून बसवला तर सगळी वाफ त्याच्यावरूनच जाते आणि पंख्याची घरघर गाण्यात मिसळते.

प्रश्न : जिप्सम बोर्डाच्या सीलिंगमध्ये भोक पाडण्यापासून स्पीकर बसवण्यापर्यंतची पद्धत क्रमाने सांगाल का? आमच्या दुसऱ्या बाथरूमला पीव्हीसीच्या पट्ट्यांचं सीलिंग आहे, तिथे वेगळं काही करावं लागतं का?

सीलिंग अजून उघडं असेल तर केबल आधी टाका. दीड चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची, बारीक तारांची दुहेरी केबल घ्या, सिंगल स्टिरिओ असेल तर चार तारांची. १० मीटर अंतराला जाण्या-येण्याचा मिळून रोध सुमारे ०.२३ ओहम येतो. ८ ओहमच्या स्पीकरला तो ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.४ ओहमपर्यंत असावा, त्यामुळे ही केबल १७ मीटरपर्यंत चालते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल दिसायला तशीच असते, पण तिचा रोध जवळपास दीडपट असतो आणि दमट जागी तिची उघडी टोकं लवकर खराब होतात. ओळखायला टोक चाकूने खरवडा, आतून पांढरट निघालं तर परत करा. ही केबल विजेच्या वायरींच्या पाइपमधून नेऊ नका. शेजारून न्यावीच लागली तर ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ओलांडताना काटकोनात ओलांडा.

आता जागा. सीलिंगचे पत्र्याचे चॅनेल साधारण ४५ ते ६० सेंटिमीटरवर असतात. चुंबक फिरवून स्क्रूची रांग शोधा, चॅनेल तिथेच आहे. मग ठरवलेल्या मध्यावर १० मिलिमीटरचं छोटं भोक पाडा. जाड तार काटकोनात वाकवा, वाकवलेला भाग भोकाच्या त्रिज्येपेक्षा २-३ सेंटिमीटर लांब ठेवा, ती आत घालून पूर्ण गोल फिरवा. कुठेही अडली तर वर चॅनेल, पाइप किंवा वायर आहे. जागा बदला आणि छोटं भोक पुट्टीने बुजवा. चॅनेल कापून जागा करू नका, सीलिंग तिथून खाली बसतं.

याच भोकातून उंची मोजा. स्पीकरची खोली ९ ते ११ सेंटिमीटर असते, पेटीसह अधिक. वर किमान २ सेंटिमीटर मोकळे राहायला हवेत. वरच्या मजल्याचे सांडपाण्याचे पाइप याच पोकळीत असतील तर त्यांच्या सांध्यांखाली स्पीकर अजिबात नको. काँक्रीटचा स्लॅब कोरून जागा वाढवणं तर पूर्ण वर्ज्य, आतल्या सळया घराला तोलून धरतात. जागा कमी पडली तर कमी खोलीचा स्पीकर घ्या किंवा पृष्ठभागावर बसणारा छोटा स्पीकर.

डब्यातला कागदी साचा लावून पेन्सिलीने खूण करा. साच्यावर दोन रेषा असतात, बाहेरची जाळीची आणि आतली कापायची. बाहेरची कापली की भोक मोठं होतं आणि बोर्डच बदलावा लागतो. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क लावा. जिप्समच्या हातकरवतीने रेषेच्या किंचित आतून कापा आणि कानशीने घासत रेषेपर्यंत या. कापलेली कड उघडी राहिली तर तिथून बोर्ड ओल पितो आणि पकडीखाली मऊ पडतो. म्हणून कडेला प्रायमरचे दोन हात द्या आणि ते वाळू द्या. हिरव्या रंगाचा ओलप्रतिरोधक बोर्ड असला तरी हे कराच.

केबलचं टोक १० मिलिमीटर सोला, तारा घट्ट पिळा, एकही केस बाहेर राहू नये. अधिकला अधिक, वजाला वजा. पेटीत केबल शिरते तिथे रबरी गळपट्टी बसवा आणि न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनने ती जागा बंद करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं आणि लोखंड खातं. पेटीत शिरण्याआधी केबलला थोडा झोळ ठेवा म्हणजे वरून ओघळलेलं पाणी त्या झोळाशी गळून जातं.

बसवण्याआधी दोन चाचण्या. केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. शून्याच्या जवळ आला तर तारा एकमेकींना टेकल्या आहेत, काहीच आलं नाही तर जोड सुटला आहे. मग दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलची अधिक बाजू अधिक तारेला लागली की कोन बाहेर उसळला पाहिजे. आत गेला तर तारा उलट आहेत. सिंगल स्टिरिओमध्ये ही चाचणी दोन्ही कॉइलना वेगवेगळी करा. एक कॉइल उलटी राहिली तर दोन्ही एकमेकींविरुद्ध ओढतात, बेस गायब होतो आणि दोष कुठे आहे हे सीलिंग बंद झाल्यावर कळत नाही.

मग स्पीकर वर सरकवा. समोरचे स्क्रू फिरवले की मागच्या पकडी बाहेर वळून बोर्डावर दाबत खाली येतात. हे काम हातातल्या स्क्रू ड्रायव्हरने, समोरासमोरचे स्क्रू थोडे-थोडे घेत करा. ड्रिल मशीन लावलं की साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड चिरडतो किंवा पकडीच्या प्लास्टिकचे आटे जातात. कडेखाली गॅस्केट सगळीकडे सारखी दबली की थांबा. सिलिकॉनने कड कायमची चिकटवू नका, दुरुस्तीच्या वेळी बोर्ड फाडून स्पीकर काढावा लागेल.

पीव्हीसीच्या पट्ट्या आतून पोकळ असतात. पकडी त्यांना दाबतात, पट्टी वाकते आणि काही महिन्यांत स्पीकर लोंबतो. तिथे १२ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायचं कडं कापा, आतला व्यास भोकाइतका आणि कडेची रुंदी ५-६ सेंटिमीटर. ते पट्टीच्या वर ठेवून दोन पत्र्याच्या पट्ट्यांनी शेजारच्या चॅनेलना बांधा. वजन चॅनेलवर जातं, पट्टी फक्त झाकण राहते. पेटीसह वजन जास्त असेल तर कुठल्याही सीलिंगमध्ये स्पीकरपासून स्लॅबमधल्या हुकपर्यंत स्टीलची बारीक तार सुरक्षेसाठी बांधावी.

प्रश्न : अ‍ॅम्प्लिफायर सीलिंगच्या आतच ठेवला तर वायरी वाचतील. ब्लूटूथ नीट चालेल का? दिव्याचं बटण दाबलं की गाणं सुरू व्हावं, अशीही इच्छा आहे.

सीलिंगच्या आत नको. मुख्य वीज, दमट हवा आणि बंद जागेतली उष्णता तिथे एकत्र येतात. बाथरूमच्या बाहेर, कोरड्या आणि हवा खेळत्या जागी, कपाटाच्या वर किंवा पोटमाळ्यावर ठेवा. आत फक्त स्पीकरची केबल जाऊ द्या. आत अ‍ॅम्प्लिफायर असलेले ब्लूटूथ सीलिंग स्पीकर मिळतात. तो प्रकार घेतलात तर त्याचा अ‍ॅडॉप्टर बाहेर ठेवून आत कमी दाबाचीच वायर न्या.

ब्लूटूथच्या १० मीटरच्या आकड्यात मध्ये भिंत धरलेली नसते. सळयांची काँक्रीट भिंत, टाइल्स, आरशामागचा धातूचा थर आणि पाणी, सगळेच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतात. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर दाराच्या बाजूला ठेवा, धातूच्या कपाटात नको. काम पक्कं करण्याआधी तो त्या जागी ठेवून, दार लावून, फोन आत नेऊन पाहा.

दिव्याच्या बटणावर अ‍ॅम्प्लिफायर जोडता येतो, पण दर वेळी फोन आपणहून जोडला जाईलच असं नाही, आणि काही अ‍ॅम्प्लिफायर सुरू होताना मोठ्याने घोषणा करतात. रात्री ते नकोसं होतं. वेगळं बटण बरं, तेही बाथरूमच्या बाहेर. मुख्य विजेची जोडणी अधिकृत इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा.

प्रश्न : एका कार्यालयातून काढलेला सीलिंग स्पीकर बसवला. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण वाढवला तरी आवाज अगदी क्षीण येतो. स्पीकर खराब आहे का?

बहुधा नाही. कार्यालयांत, दुकानांत बऱ्याचदा ‘१०० व्होल्ट लाइन’ पद्धत असते. तिथल्या स्पीकरमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. घरगुती अ‍ॅम्प्लिफायर त्याला जोडला की ताकद फारच थोडी पोहोचते. स्पीकरच्या समोर जाळीखाली किंवा मागे एक फिरती कळ पाहा. तिच्यावर ‘८ ओहम’ अशी खूण असेल तर तिथे आणा. ती नसेल तर मागे ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून थेट जोडणी करावी लागते आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावं.

प्रश्न : ठरावीक सुरांना छतातून खरखर ऐकू येते. आणि जाळीला सीलिंगचा रंग द्यायचा आहे, कसा द्यावा?

खरखर फक्त मोठ्या आवाजात येत असेल तर अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या क्षमतेपलीकडे ढकलला जातोय. आवाज उतरवा, कारण अशी फाटलेली लाट ट्वीटर जाळते. मध्यम आवाजातही ठरावीक सुरांनाच येत असेल तर काहीतरी सैल आहे. गाणं चालू ठेवून जाळी, स्पीकरची कड, शेजारचा दिवा आणि सीलिंगच्या पट्ट्या बोटाने एकेक दाबत जा, दाबल्यावर खरखर थांबली की दोषी सापडला. पकडीचा स्क्रू अर्धा फेरा घ्या किंवा जाळीच्या कडेखाली पातळ फोमचे तुकडे लावा. पोकळीत केबल चॅनेलवर आपटत असेल तर तिथे पट्टा बांधा.

रंगासाठी जाळी काढा आणि तिच्या मागचं पातळ कापड अलगद सोडवा. ब्रश किंवा रोलर वापरला की भोकं बुजतात आणि वरचे सूर दबतात. स्प्रेने ३० सेंटिमीटरवरून तीन-चार अगदी पातळ हात द्या आणि प्रत्येक हात वाळू द्या. शेवटी जाळी उजेडासमोर धरून बंद भोकं टाचणीने मोकळी करा आणि कापड परत चिकटवा. बसवलेल्या स्पीकरवर थेट स्प्रे मारू नका. सीलिंग रंगवताना जाळी आधीच काढून ठेवा आणि स्पीकरवर पुठ्ठ्याची चकती चिकटपट्टीने लावा.